अभ्यासातली अडतिसावी रुग्ण कुठे गेली?

प्रति,
सोलापुरातल्या वैद्यकीय, फिजिओथेरपी आणि नर्सिंग महाविद्यालयांतले थिसिसचे मार्गदर्शक आणि तिथल्या नीतिमत्ता समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

माझी आई तुमच्यापैकी कुणाच्या तरी पक्षाघाताच्या अभ्यासातली अडतिसावी रुग्ण आहे. संमतीपत्राच्या आमच्याकडच्या प्रतीवर, वरच्या कोपऱ्यात, बॉलपेननं ३८ लिहून त्याभोवती गोल केलाय, म्हणून मला हे ठाऊक आहे. ती प्रत विडी घरकुल या विडीकामगारांच्या वसाहतीतल्या आमच्या घरी, रिपोर्टांच्या पिशवीत, सीटी स्कॅनच्या फिल्मला चिकटून बसली आहे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. लिहिलं की या पत्राची तक्रार होईल, आणि तक्रारीला जसं उत्तर येतं तसं मला नको आहे. शिवाय ज्या निवासी डॉक्टर मुलीनं तो फॉर्म भरून घेतला ती चांगली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात वडापावचा कागद, तरी प्रश्न नीट विचारत होती.

संक्रांतीच्या गड्डा यात्रेचे दिवस होते. नंदीध्वजांची मिरवणूक आदल्या दिवशी होऊन गेलेली. सकाळी अम्मा (आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, आईला अम्माच म्हणतो) सूप मांडीवर घेऊन विडीची पानं कापायला बसली आणि कात्री हातातून गळली. उचलायला गेली तर हात उचलेना. शेजारणी म्हणाल्या, अंगावरून वारं गेलं. एकीनं कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, तेही मनापासून. भाऊ पॉवरलूमवरची रात्रपाळी करून नुकता आडवा झाला होता. त्याला उठवणं, रिक्षा शोधणं, आधी गल्लीतले डॉक्टर, मग त्यांची चिठ्ठी घेऊन शहरात, असं करत पोचेपर्यंत पाच तास उलटले. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे मला, म्हणजे आठवी-नववी-दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईला, त्या दिवशी कळलं. त्याची लाज अजून आहे. पण त्या पाच तासांबद्दल लोक बोलतात, पोस्टरं लागतात, रेडिओवरही सांगतात. मला बोलायचंय त्यानंतरच्या सव्वादोन वर्षांबद्दल, ज्यांच्याबद्दल तुमच्या फॉर्ममध्ये एकच रकाना होता.

सातव्या दिवशी, डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी, फॉर्म भरला गेला. माहितीपत्रकात लिहिलं होतं की नव्वदाव्या दिवशी फोनवरून विचारणा होईल. आम्ही भावाचा नंबर दिला. नव्वदावा दिवस एप्रिलात आला. भाऊ तेव्हा मागावर होता. पॉवरलूमच्या शेडमध्ये शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, तिथे खिशातला फोन काय ऐकू येणार? संध्याकाळी त्यानं पाहिलं, अनोळखी नंबरवरून एक मिस्ड कॉल. परत लावला तर लागला नाही. दुसरा कॉल आला नाही.

एवढ्यावर अम्मा तुमच्या तक्त्यात ‘लॉस्ट टु फॉलोअप’, म्हणजे पाठपुराव्यात हरवलेली, झाली असणार. नंतर मी हे शब्द पुष्कळ शोधनिबंधांत वाचले. दर वेळी मनात येतं, बाई हरवली कुठे? त्याच घरात, त्याच खाटेवर, खिडकीकडे तोंड करून होती.

मी गणितज्ञ नाही, पण मुलांना सरासरी शिकवते. वर्गातली जी मुलं परीक्षेलाच बसली नाहीत त्यांना वगळून काढलेली सरासरी वर्गाची होत नाही, हे सातवीतल्या पोरालाही पटतं. फोन कोण उचलतं? ज्याच्या घरी दुपारी माणूस असतं, ज्याचा नंबर सहा महिन्यांत बदललेला नसतो, ज्याला तुमच्याकडे परत यायचं असतं. मागावरचे, विड्या वळणारे, मजुरीला गेलेले गळतात. म्हणजे तुमच्या तक्त्यातला बरा होणारा सोलापूरकर हा फोन उचलणारा सोलापूरकर असतो. विडी घरकुल त्यात असेलच असं नाही.

अम्माच्या आजारपणात मी रात्री मोबाईलवर शोधनिबंध वाचायला लागले. सगळं कळतं असा दावा नाही. ‘विश्वासार्हता अंतराल’ (निकालाचा आकडा किती खाली-वर असू शकतो त्याचा पल्ला) हा शब्द समजायला मला आठवडा लागला. पण काही गोष्टी इतक्या साध्या निघाल्या की राग आला.

उदाहरणार्थ, चहा. दुसऱ्या दिवशी अम्मा डोळे उघडून बघायला लागली म्हणून मावशीनं प्रेमानं बशीत चहा ओतून तोंडाला लावला. अम्माला ठसका लागला, डोळे पांढरे केले, नंतर दोन दिवस ताप. पक्षाघातानंतर गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात, घोट श्वासनळीत उतरतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटांत, म्हणजे पक्षाघाताच्या खास वॉर्डांत, यावर एक मोठा अभ्यास झाला, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवं औषध नव्हतं, मशीन नव्हतं. नर्सेसना तीन गोष्टी शिस्तीनं पाहायला शिकवलं होतं: ताप, रक्तातली साखर आणि गिळणं. पहिल्या ७२ तासांत तेवढंच. ज्या युनिटांत हे शिकवलं तिथे नव्वदाव्या दिवशी मेलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण ४२ टक्के होते, जिथे नव्हतं शिकवलं तिथे ५८. शंभरामागे सोळा माणसं, थर्मामीटर आणि चमचाभर पाण्यानं!

इथे लगेच कुणी म्हणेल, बाई, तिकडे किती रुग्णांमागे किती नर्स असतात ते माहीत आहे का? आहे. आमच्या वॉर्डात रात्री एक सिस्टर होत्या आणि त्या धावत होत्या. मग तेच तपासा ना. एक सिस्टर आणि नातेवाइकांनी भरलेला वॉर्ड असताना ती तीन कामं कशी करता येतील, गिळण्याची खूण नातेवाइकाला कोणत्या शब्दांत सांगितली तर बशी खाली ठेवली जाते, हा थिसिसचा विषय होऊ शकत नाही का? मला तर वाटतं, नर्सिंग कॉलेजातल्या एखाद्या मुलीनं तो घेतला तर शहर तिचं ऋणी राहील.

आता करुणेबद्दल. हा शब्द लिहिताना जरा संकोच वाटतो, कारण तो भाषणांत फार झिजलाय. चौथ्या रात्री अम्मा घाबरली होती. उजवी बाजू आपलीच नाही असं तिला वाटत होतं, डाव्या हातानं उजवा हात उचलून ती तो खाटेबाहेर ढकलत होती. मी ‘अम्मा, अम्मा’ करत रडकुंडीला आले. तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी थांबल्या, पोछा बादलीला टेकवला, खाटेच्या कडेला टेकल्या आणि तिचा तोच हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘भयपडकु, अम्मा.’ घाबरू नको. दोन-तीन वेळा म्हणाल्या, थोडा वेळ बसल्या आणि पुन्हा पोछा घेऊन गेल्या. अम्मा झोपली.

हे फॉर्ममध्ये नाही. पण याच्यावरही संशोधन झालेलं आहे, आणि ते भाबडं नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी स्त्रियांना डॉक्टर-रुग्ण संवादाची चित्रफीत दाखवली. काही स्त्रियांनी नेहमीची पाहिली, काहींनी तीच, पण डॉक्टर मध्येच ‘हे अवघड आहे हे मला कळतं, मी तुमच्याबरोबर आहे’ अशा अर्थाचं काही बोलतो अशी. जादाचा भाग होता ४० सेकंदांचा. तो पाहिलेल्या स्त्रियांची चिंता मोजून कमी भरली. उपचारांची माहिती त्यांच्या जास्त लक्षात राहिली असं मात्र नाही, आणि संशोधकांनी तेही लपवलं नाही. दुसरा अभ्यास कॅन्ससमधला, २०१२ चा. मणक्याच्या ऑपरेशननंतरच्या १२० रुग्णांपाशी सर्जन कधी उभे राहून बोलले, कधी खुर्ची ओढून. प्रत्यक्ष वेळ जवळजवळ सारखाच होता. पण जिथे डॉक्टर बसले होते, तिथे रुग्णांना वाटलं की ते बराच जास्त वेळ थांबले. तिसरा तर १९६४ चा. बोस्टनमध्ये भूलतज्ज्ञांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रुग्णाजवळ बसून दुखेल कुठे, किती, त्या वेळी श्वास कसा घ्यायचा, कूस कशी वळायची हे समजावलं आणि नंतर पुन्हा येऊन भेटले. ९७ रुग्णांच्या त्या अभ्यासात, ज्यांच्याशी असं बोललं गेलं त्यांना वेदनाशामक मॉर्फिन जवळपास निम्मं पुरलं.

आमच्या वॉर्डात खाटेशेजारी खुर्ची नव्हती. स्टूल होतं, त्यावर माझी पिशवी असायची. राउंडला आठ-दहा जण यायचे, अर्धवर्तुळात उभे राहायचे, अम्माच्या पायांकडे बघून इंग्रजीत बोलायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. मला तुमच्या कामाचा बोजा दिसतो. ओपीडीची रांग मीही पाहिली आहे, सकाळी सातला केसपेपरला उभं राहिलं तर अकराला नंबर. तरी विचारते: कॅन्ससमध्ये मोजलं तसं सोलापुरात मोजता येईल का? खर्च एका स्टुलाचा.

भाषेवर थांबते, कारण माझ्या मते सोलापूरनं जगाला काही द्यायचं असेल तर ते इथे आहे.

अम्माची वाचा गेली होती. पूर्ण नाही; शब्द अडायचे, वेगळेच यायचे. तपासणीत तिला चित्रं दाखवली. मांजराच्या चित्राला ती म्हणाली, ‘पिल्ली.’ तपासणाऱ्यांनी मान हलवली आणि चूक मांडली. त्यांना वाटलं ती ‘पिल्लू’ म्हणतेय. तेलुगूत मांजराला पिल्लीच म्हणतात! पाण्याला ती ‘नीळ्ळु’ म्हणाली, तेही चूक. मी बाहेर होते, नातेवाइकांना आत सोडत नव्हते. नंतर कागद हातात आला तेव्हा मी मोजलं: तिच्या नावावर लावलेल्या चुकांपैकी पाच तेलुगूतली बरोबर उत्तरं होती. पुढचे दोन महिने मराठीत वाचाव्यायाम दिले गेले. ती बाजारात, कारखान्यात, रेशनच्या दुकानात मराठी बोलायची. शेजारच्या लिंगायत बाईशी कानडीत भांडायची. हिंदी तर सगळ्यांनाच येते. पण आजारानंतर आधी परत आली ती तेलुगू. फ्रान्समधल्या पित्र नावाच्या डॉक्टरांनी १८९५ मध्येच अनेक भाषा येणाऱ्या रुग्णांचा अभ्यास करून लिहिलं होतं, की जी भाषा माणूस आजाराच्या वेळी सर्वांत जास्त वापरत होता ती आधी परत येते. त्याच देशातले रिबो म्हणत होते, जी लहानपणी आधी शिकली ती. कोण बरोबर यावर वाद अजून मिटलेला नाही म्हणतात. आणि आमच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून विडी घरकुलापर्यंत, लहानपणीची भाषा एक, कारखान्याची दुसरी, शाळेची तिसरी असलेली माणसं गल्लोगल्ली आहेत.

हैदराबादनं हे ओळखलं. तिथल्या निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध केल्या. दोन किंवा अधिक भाषा येणाऱ्यांपैकी ४०.५ टक्के रुग्णांची आकलनशक्ती आजारानंतर शाबूत होती, एकच भाषा येणाऱ्यांत १९.६ टक्क्यांची. वाचा जाण्याचं प्रमाण मात्र दोन्हींत जवळपास सारखं. जगभर या अभ्यासाचा उल्लेख होतो. हैदराबाद आमच्यापासून एका रात्रीच्या गाडीवर आहे. तेलुगू, कानडी, उर्दू, मराठी या चारही भाषा एकाच वॉर्डात कण्हताना ऐकू येतात अशी शहरं महाराष्ट्रात किती? मग चित्रांच्या तपासणीत एकाच भाषेतली उत्तरं बरोबर का?

दर वर्षी मी शाळेतल्या मुलांना डॉ. कोटणीसांचं स्मारक दाखवायला नेते. १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्म, १९३८ मध्ये चीनला प्रयाण, ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच मृत्यू, वय ३२, कारण फिट्सचा आजार. हे सगळं मी पाठ म्हणते. मागच्या वर्षी एका मुलीनं विचारलं, ‘बाई, ते पेशंटशी कुठल्या भाषेत बोलायचे?’ मी सांगितलं, चिनी शिकले होते, नंतर चिनीतूनच शिकवायचे. तिला ते साहजिकच वाटलं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

घरी आल्यावरचं सांगते. तुमच्या फॉर्मवर बार्थेल निर्देशांक होता, रोजची कामं स्वतः किती जमतात ते मोजणारा. दहा प्रश्न, शंभर गुण. जेवण स्वतः करता का, खाटेवरून खुर्चीत बसता का, जिना चढता का. आमच्या घरात जिना नाही. खुर्ची एक, प्लॅस्टिकची. उंबरा मात्र वीतभर उंच आहे, आणि संडास उकिडवं बसायचा. उकिडवं बसता येतं का, जमिनीवरून आधाराशिवाय उठता येतं का, असा प्रश्न त्या शंभर गुणांत कुठेच नाही. भावानं प्लॅस्टिकच्या खुर्चीला तापलेल्या सळईनं भोक पाडून संडासची सोय केली. गुण त्यालाही नाहीत.

जेवणाचे दहापैकी दहा मिळाले. अम्मा स्वतः जेवत होती हे खरं. डाव्या हातानं. आणि म्हणून तिनं पाचजणांत जेवणं सोडलं. भाचीच्या लग्नात पंगतीला बसली नाही, पोट बिघडलंय म्हणाली. घरातही सगळ्यांचं झाल्यावर भिंतीकडे तोंड करून जेवायची. डाव्या हाताचा घास ही काय गोष्ट आहे हे परदेशातल्या प्रश्नावलीला कसं कळावं? पण तुम्हाला तर कळतं. तुम्हीही उजव्या हातानंच भाकरी मोडता.

पक्षाघातानंतर दर तिघांपैकी साधारण एकाला नैराश्य येतं असं सगळीकडे वाचलं. अम्माला ते आलंय हे आम्हाला वर्षानं कळलं, तेही मीच वाचत होते म्हणून. तोवर आम्ही म्हणत होतो, चिडचिडी झालीय. वहिनी म्हणायची, ‘व्यायामच करत नाहीत, आळस.’ व्यायामाच्या छापील कागदावर दुपारी चारची वेळ लिहिलेली होती. सोलापुरात मे महिन्यात दुपारी चारला! पारा बेचाळीसच्या वर, स्लॅब तव्यासारखी. पहाटे साडेपाचला करतो म्हटल्यावर जमायला लागलं.

वहिनीचं स्वतंत्र पत्र लिहायला हवं. तीही विड्या वळते. हजाराच्या हिशोबानं पैसे मिळतात, म्हणजे जो वेळ अम्माला उठवण्यात, पुसण्यात, चालवण्यात जातो तो थेट मजुरीतून वजा. घरी येणारे फिजिओथेरपिस्ट एका वेळचे चारशे घ्यायचे. वाजवीच होते, पण वहिनीची ती जवळजवळ दोन दिवसांची कमाई. आठ वेळा आले, मग आम्हीच नको म्हणालो. आरोग्य योजनेच्या कार्डानं हॉस्पिटलात खूप आधार दिला, पण ते कार्ड आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. ‘आता घरच्यांनीच करून घ्या’ असं सांगून सगळे मोकळे.

आणि इथे मला तो अभ्यास सापडला, जो वाचून मी भावाला झोपेतून उठवलं. भारतातलाच, १४ रुग्णालयांतला, १,२५० रुग्णांचा, २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. निम्म्या रुग्णांच्या घरच्या एका माणसाला व्यायाम करून घ्यायचं रीतसर प्रशिक्षण दिलं, घरी भेटी दिल्या. बाकीच्यांना नेहमीसारखं सोडलं. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी किती? एका गटात ४७ टक्के. दुसऱ्या गटातही ४७ टक्के. काडीचा फरक नाही.

वहिनीला हे समजावून सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘म्हणजे माझं काही चुकलं नाही ना?’ वर्षभर ती मनात धरून बसली होती, की आपण नीट करून घेतलं असतं तर सासूबाई पूर्ण बऱ्या झाल्या असत्या. जे संशोधन ‘अयशस्वी’ म्हणून खाली दाबलं जाण्याची शक्यता होती, त्यानं एका बाईच्या छातीवरचा दगड उतरवला. ज्यांनी ते प्रामाणिकपणे छापलं त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. त्याचा अर्थ व्यायाम निरुपयोगी असा मी काढत नाही. मी एवढाच काढते, की प्रशिक्षित माणसाचं काम घरच्यांच्या माथी मारून स्वस्तात सुटता येत नाही. मग काय केलं तर सुटतं? हा प्रश्न उघडा आहे, आणि तो आमच्या गल्लीत उघडा आहे.

एक किस्सा, पुरावा म्हणून नव्हे. हॉस्पिटलात बोटांच्या व्यायामाला रंगीत खुंट्या दिल्या होत्या. अम्मा त्यांच्याकडे बघायचीही नाही. ‘पोरखेळ’ म्हणायची. एक दिवस वहिनीची भिजवलेली पानं आणि कात्री तिनं स्वतःच ओढली. उजव्या हातात कात्री टिकेना. डाव्या हातानं उजव्या बोटांत ती अडकवली आणि एक पान कापलं, वाकडं. पंधरा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी दोन. चांगला हात जागेपणी बहुतेक वेळ बांधून ठेवून दुबळ्या हाताकडून कामं करवून घेण्याची एक उपचारपद्धत आहे आणि अमेरिकेत २२२ रुग्णांवर तिची रीतसर चाचणी होऊन २००६ मध्ये चांगले निष्कर्ष आले, हे मी नंतर वाचलं. अम्मानं हात बांधला नाही, पण पान कापायला तिला दुसऱ्यानं सांगावं लागलं नाही. पन्नास वर्षांची सवय बोटांत होती. तंबाखू मात्र मी तिच्याजवळ येऊ दिली नाही, त्यावरून भांडणं झाली, अजून होतात. विडीकामगाराला कात्री, मागवाल्याला सुताची गाठ, सुगरणीला भाकरीचं पीठ असं ज्याच्या त्याच्या हातचं काम देऊन बोटं लवकर वळतात का? एका अम्मावरून मी काहीच म्हणू शकत नाही. शंभर अम्मा तुमच्या वॉर्डातून दर वर्षी घरी जातात, तुम्ही म्हणू शकता.

मला कळतं, एमडीची तीन वर्षं म्हणजे किती कमी वेळ. सिनॉप्सिस, मंजुरी, ड्यूट्या, मग नमुना गोळा करायला जेमतेम दीड वर्ष. म्हणून डिस्चार्जपर्यंतचेच विषय निवडले जातात, रुग्ण हाताशी असतो तोवरचे. यावर माझी एक सूचना आहे. दर वर्षी नवा विषय, नवे साठ रुग्ण, नवी फाइल असं करण्याऐवजी एकच रजिस्टर ठेवा. या बॅचच्या विद्यार्थ्यानं पक्षाघाताचे रुग्ण नोंदवावेत. पुढच्या बॅचनं त्याच रुग्णांना वर्षानं गाठावं. तिसऱ्या बॅचनं त्यांच्या वहिन्यांना. फिजिओवाल्यांनी हात-पाय बघावेत, नर्सिंगवाल्यांनी जखमा आणि गिळणं, कुणी भाषा बघावी. थिसिस प्रत्येकाचा वेगळा, माणसं तीच. पाच वर्षांत जे हाती येईल ते पुण्या-मुंबईकडे नसेल. आणि फोन एकदाच नको. दोन नंबर घ्या, शेजाऱ्याचाही घ्या, संध्याकाळी सातनंतर लावा. नाहीच लागला तर आमच्या वस्त्यांत आशाताई रोज फिरतात, त्यांना घरं तोंडपाठ आहेत.

नीतिमत्ता समितीतल्या सदस्यांसाठी एक वेगळी विनंती. संमतीपत्र मराठीत आहे का हे तुम्ही तपासता, छान. अभ्यास संपल्यावर काय सापडलं ते रुग्णांना कसं कळवणार, हेही मंजुरी देताना विचाराल का? आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संशोधनाचा लाभ सहभागींपर्यंत पोचावा अशी अपेक्षा आहेच. लाभ म्हणजे दर वेळी औषधच हवं असं नाही. एक पानभर, मराठी आणि तेलुगूत, ओपीडीच्या भिंतीवर लावलं तरी चालेल: तुम्ही साठ जणांनी आम्हाला वेळ दिलात, त्यातून हे कळलं, हे कळलं नाही. अम्मा अजून अधूनमधून विचारते, ‘त्या पोरीचा अभ्यास झाला का? पास झाली का?’

ती पास झाली असावी अशी माझी इच्छा आहे. तिच्या तक्त्यात जागा शिल्लक असेल तर हे लिहून घ्या. रुग्ण क्रमांक ३८. नव्वदाव्या दिवशी जिवंत, घरीच होती. आज सव्वादोन वर्षांनी: काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाते. उंबरा ओलांडताना अजून हाक मारते. तेलुगू पुष्कळशी आली, मराठी कामापुरती, कानडी फक्त भांडणापुरती. उजव्या हातानं चमचा धरता येतो, घास नाही. पंगतीला अजून बसत नाही. सकाळी पन्नासेक पानं कापते. त्यातली तीस-पस्तीस सरळ असतात, बाकीची वहिनी बाजूला काढून ठेवते आणि तिला सांगत नाही.

आपली,
विडी घरकुलातली एक विज्ञानशिक्षिका
सोलापूर